पाच दिवसांत गुलमर्गला स्कीइंग शिकता येईल का?

प्रश्न असा आहे: पुण्याचं चौघांचं कुटुंब, मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. फेब्रुवारीत पाच दिवस गुलमर्गला जायचंय. आजवर कोणीच पायाला स्की लावलेली नाही. एवढ्यात शिकून होईल का, गोंडोलाचं, म्हणजे केबल कारचं, फेज टूचं (वरच्या टप्प्याचं) तिकीट काढावं का, सामान इथून न्यावं की तिथे भाड्याने घ्यावं, आणि फेब्रुवारी नाहीच जमलं तर मुलांच्या मेच्या सुट्टीत जाण्यात काही अर्थ आहे का.

शिकता येतं. पण त्या पाच दिवसांत येण्या-जाण्याचे दोन धरले असतील, तर हातात तीनच उरतात. तीन दिवसांत माणूस सरळ घसरायला आणि थांबायला शिकतो. वळायला लागेपर्यंत परतीचं विमान असतं. बर्फावरचे पूर्ण पाच दिवस मिळाले तर दोन्ही मुलं नक्की वळणं घेत उतरतील आणि मोठेही बहुधा उतरतील. श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग, गुलमर्ग अशा आठ दिवसांच्या सहलीत स्कीइंग कोंबू नका. त्यात फोटो मिळतो, शिकणं होत नाही.

फेज टूचं तिकीट डोंगर बघायला जरूर काढा, पण त्यावरून स्कीने खाली यायचं मनातही आणू नका. याचं कारण गुलमर्गच्या रचनेत आहे आणि ते नीट कळलं की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

गुलमर्ग हे पीर पंजालच्या कुशीतलं वाटीसारखं कुरण आहे, उंची सुमारे २,६५० मीटर. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तेच हिवाळ्यातलं नवशिक्यांचं मैदान. उतार इतका सौम्य की सायकल सोडली तरी पळत जाऊन धरता येईल. गोंडोलाचा पहिला टप्पा तिथून फर-पाइनच्या जंगलावरून कोंगडूरीला नेतो. ही जागा तीन हजार मीटरच्या थोडी वर आहे. कोंगडूरीला बऱ्यापैकी रुंद उतार आहेत आणि तिथून बाजूच्या सोंडेवर जाणारी चेअरलिफ्टही आहे. दुसरा टप्पा तिथून अफरवत डोंगराच्या धारेखाली, जवळपास ३,९५० मीटरवर सोडतो. तिथून पुढे यंत्राने दाबून सपाट केलेली वाट नाही, उताराचा अवघडपणा सांगणारी रंगीत पाटी नाही. आहे तो गुडघाभर किंवा कमरेभर ताजा बर्फ, उघडा तीव्र उतार आणि खाली जंगल. जगभरचे स्कीवाले त्याच्यासाठीच येतात. थोडक्यात, गुलमर्गला पहिली पायरी छान आहे, शेवटची पायरी जगप्रसिद्ध आहे, आणि मधल्या पायऱ्या फार कमी आहेत. मैदानावर तीन दिवसांत जम बसला की वाटतं, आता वर जाऊ. बहुतेक गुडघे तिथेच जातात.

कधी जायचं

काश्मिरी पंचांगात हिवाळ्याचे तीन तुकडे आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. पूर्वी बर्फाचा भरवसा पहिल्या चाळीस दिवसांवर असायचा. बर्फ येतो तो पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे. विक्षोभ आले नाहीत तर थंडी कितीही असो, मैदान तपकिरीच राहतं. जानेवारी २०२४ मध्ये नेमकं तेच झालं. महिना संपत आला तरी गुलमर्ग कोरडं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. म्हणून शिकायला जाणाऱ्यांनी डिसेंबर आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या मोहात पडू नये. फेब्रुवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा बरा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तळाशी दुपारी बर्फ ओला, जड होतो आणि स्की त्यात रुततात, पण सकाळी साडेदहा ते एक उत्तम शिकता येतं. हॉटेलचं बुकिंग तारीख बदलता येईल असंच करा, भले चार पैसे जास्त गेले तरी.

श्रीनगर ते गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. शेवटचे तेरा तंगमर्गपासून चढाचे. बर्फ पडल्यावर तंगमर्गला गाडी थांबवतात. पुढे चाकांना साखळी बांधलेली किंवा फोर बाय फोर गाडीच सोडतात आणि ती तिथल्या युनियनची असते. श्रीनगरहून घेतलेल्या टॅक्सीच्या भाड्यात हा टप्पा सहसा नसतो, आधीच विचारून घ्या. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्रीनगरात उतरून राहा. बर्फाच्या सकाळी तंगमर्गचा घाट आणि श्रीनगरची धावपट्टी दोन्ही बंद असू शकतात. आणखी एक, जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. निदान एका मोबाइलमध्ये पोस्टपेड हवं.

बूट, बूट आणि बूट

सामान भाड्यानेच घ्या. पहिल्या वेळी विकत घेण्यात काही अर्थ नाही. मात्र भाड्याच्या दुकानात अर्धा तास घालवायची तयारी ठेवा आणि त्यातली वीस मिनिटं बुटांना द्या. नवशिक्याचा दिवस वाया जातो तो नव्वद टक्के वेळा बुटामुळे, स्कीमुळे नव्हे.

स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. घरीच पातळ मोजा घालून, टाच भिंतीला टेकवून उभं राहा आणि अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजा. २६.५ आलं तर २६.५ मागा. भारतीय ८ नंबर साधारण २७ ला पडतो, पण त्या हिशेबावर विसंबू नका. दुकानात बूट घालताना मोजा एकच आणि पातळ. थंडी म्हणून दोन मोजे चढवले की पाऊल आत सरकतं, घडी पडते, रक्त अडतं आणि उलट जास्त थंडी वाजते. थर्मलची पँट बुटाच्या आत जाऊ देऊ नका, ती नडगीवर रुतते. पाय आत सारून टाच मागे दोनदा आपटा आणि मग बकल लावा, घोट्याजवळचं आधी, बोटांकडचं शेवटी आणि अगदी हलकं. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकायला हवीत. गुडघे पुढे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं किंचित मागे सुटायला हवीत. आता पंजावर उभे राहा. टाच आत उचलली गेली तर बूट मोठा आहे. दुकानदार म्हणेल, ‘आराम से है ना?’ या बुटात आराम म्हणजे धोक्याची सूचना. टाचेत घट्ट पण बोटं हलतील एवढा मोकळा, हेच योग्य माप. तो बूट घालून दुकानातच दहा मिनिटं चालत राहा. घोट्याच्या हाडावर एकाच बिंदूत कळ आली तर जोड बदला, बर्फावर गेल्यावर ती कमी होत नाही.

स्कीची लांबी नवशिक्या मोठ्या माणसाला हनुवटी ते नाक, मुलाला छाती ते हनुवटी. दुकानात रुंद, पुढून वर वळलेल्या जाड स्की दिसतील, त्या भुसभुशीत खोल बर्फासाठी. तुम्हाला अरुंद, आखूड हव्यात. काठी उलटी धरून, तिच्या टोकाजवळच्या चकतीच्या लगेच खाली पकडल्यावर कोपर काटकोनात आलं की ती तुमच्या मापाची.

बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या कुलपावर, पुढे आणि मागे एकेक आकडा दिसतो. पडताना किती जोर आला की बूट सुटायचा, ते हा आकडा ठरवतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुमची पातळी यावरून तो काढतात. साठ-पासष्ट किलोच्या नवशिक्या प्रौढाला तो साधारण ४ ते ५ येतो, पंचवीस-तीस किलोच्या मुलाला २ च्या आसपास. दहापेक्षा लहान आणि पन्नाशीपुढच्यांना आणखी थोडा कमी. आधीचा गिऱ्हाईक ऐंशी किलोचा पट्टीचा स्कीवाला असेल, तर आकडा ८ वर असू शकतो आणि तसाच तुमच्या हातात येऊ शकतो. मग तुम्ही पडलात, स्की अडकली, बूट सुटला नाही, आणि पिळ बसला गुडघ्याच्या स्नायुबंधाला. दोन्ही स्कींवरचे पुढचा आणि मागचा असे चारही आकडे स्वतः वाचा आणि जास्त वाटले तर तुमच्यासमोर स्क्रू फिरवून घ्या. यात संकोच नको. हेल्मेट मुलांना सक्तीचं समजा, आणि मोठ्यांनाही.

पहिले तीन दिवस

शिक्षक नोंदणीकृत घ्या. पर्यटन खात्याचं ओळखपत्र मागा. मुलांना आणि मोठ्यांना वेगळे शिक्षक असले तर दोघांचंही शिकणं लवकर होतं. आईबाबा पडताना बघून मुलं घाबरत नाहीत, हसतात, आणि आईबाबांचं लक्ष मुलांवर राहून स्वतः पडतात. वेळ हाताशी असलेल्या तरुणांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था गुलमर्गमध्येच आहे. तिथले निवासी वर्ग शिस्तीचे असतात, जागा लवकर भरतात. पाच दिवसांच्या कौटुंबिक सहलीत ते बसत नाही.

पहिला तास एकाच पायात स्की घालून सपाटीवर ढकलत चालायचं. मग दोन्ही. मग पडायचं, कारण उठणं ही पहिली खरी विद्या. पडल्यावर आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, म्हणजे वरून पाणी ओतलं तर ते ज्या दिशेने वाहील त्या रेषेला काटकोनात, आणि त्या शरीराच्या खालच्या बाजूला आणा. हे न करता उठलात की अर्ध्यात उठेपर्यंत स्की पळायला लागतात. मग वरच्या बाजूचा हात बर्फात टेकून पंजांवर वजन घ्या.

स्की सुटली असेल आणि पुन्हा लागत नसेल, तर बाइंडिंगवर जोर काढू नका. बूट उलटा करून तळ बघा. चालताना बर्फ दाबून त्याचा बोटभर जाडीचा, काचेसारखा कडक थर चिकटलेला असतो. काठीच्या टोकाने तो खरवडून काढा, शेवटचा चिकटलेला तुकडा बाइंडिंगच्या पुढच्या जबड्यावर घासून पाडा, आधी बोटं बसवा, मग टाच दाबा. ‘खट्’ असा एकच स्वच्छ आवाज यायला हवा. आवाज दबका आला तर आत अजून बर्फ आहे, आणि ती स्की चालत्या उतारावर निसटणार.

त्यानंतर स्नोप्लाऊ. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. शिक्षक मुलांना याला पिझ्झा म्हणतात आणि समांतर स्कींना फ्रेंच फ्राय. पिझ्झा जितका रुंद तितका ब्रेक जास्त. यातली सगळ्यांची चूक एकच असते: वेग वाढला की माणूस मागे रेलतो. उतरणीवर पाय घसरताना आपण आयुष्यभर तेच करत आलोय, सह्याद्रीतल्या घसाऱ्यावरही तेच करतो. पण स्की वळते आणि थांबते ती तिच्या पुढच्या भागावर वजन असताना. मागे रेललात की पुढचा भाग हवेत हलका होतो, ब्रेक सुटतो, वेग आणखी वाढतो, आणि मांडीचे स्नायू पंधरा मिनिटांत पेटतात. नडगी बुटाच्या जिभेला लागलेली राहिली पाहिजे, ती जाणीव गेली की समजा तुम्ही मागे गेलात. हात पुढे ठेवा, जेवणाचं मोठं ताट धरल्यासारखे. हात मागे गेले की बूड मागे जातं.

वळण घ्यायला खांदे फिरवायचे नसतात. डावीकडे वळायचंय तर उजव्या स्कीवर दाब वाढवायचा, एवढंच. दाब आल्यावर ती आपणहून वळते, फक्त तिला दोन सेकंद द्यावे लागतात. ते दोन सेकंद धीर धरणं मुलांना लगेच जमतं आणि चाळिशीतल्यांना दोन दिवस लागतात.

मैदानावर वर ओढून नेणाऱ्या लिफ्ट आहेत. दोरीला लटकलेली दांडी मांड्यांमागे येते. त्यावर बसायचं नसतं. बसलात की दोरी लांबते आणि तुम्ही पाठीवर. ताठ उभं राहायचं, स्की समांतर ठेवायच्या आणि ती ढकलेल तसं जायचं. पडलात तर लगेच हात सोडून बाजूला लोळा, मागचा माणूस येतोच आहे. काठीचा पट्टा पहिले दोन दिवस मनगटात घालू नका. काठी हातात अडकून पडलं की अंगठ्याच्या मुळाशी असलेला बंध फाटतो, आणि ही दुखापत इतकी नेहमीची आहे की स्कीवाल्याचा अंगठा असं तिचं नावच पडलंय.

दुपारी दोननंतर थांबा. शेवटची एक फेरी म्हणून घेतलेल्या फेरीत मांड्या थकलेल्या असतात, बर्फ सावलीत कडक व्हायला लागलेला असतो, आणि त्यातच अपघात होतात. हाड मोडलंच तर गुलमर्गमध्ये प्रथमोपचारापलीकडे फारसं काही नाही. तंगमर्गमार्गे श्रीनगरला, बहुधा बर्झुल्लाच्या हाडांच्या सरकारी रुग्णालयात जावं लागतं. प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेत का, ते घरूनच वाचून निघा.

गोंडोला

तिकीट सरकारी केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतं, तारीख धरून, आणि दोन्ही टप्प्यांचं वेगळं. सुट्ट्यांच्या दिवसांत फेज टू आधीच संपतं. मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. तिकीट काढून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांची गरज नाही.

पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ साली. यंत्रणा फ्रेंच. केबल अखंड फिरत राहते आणि सहाजणांची केबिन तिला चिमट्याने धरलेली असते. स्थानकात चिमटा सुटतो आणि केबिन रबरी चाकांवरून हळू सरकते, पण थांबत नाही. म्हणून चढताना आधी मुलं, मग मोठे, आणि स्की बाहेरच्या खाचेत उभ्या. दुसरा टप्पा झाडांची हद्द संपल्यावर उघड्या वाऱ्यात लटकतो. वारा वाढला की खांबाजवळून जाताना केबिन झुलते, म्हणून तो आधी बंद करतात. २५ जून २०१७ रोजी, म्हणजे भर उन्हाळ्यात, जोराच्या वाऱ्यात उन्मळलेलं झाड केबलवर पडून पहिल्या टप्प्यातली एक केबिन कोसळली आणि सातजणांचा जीव गेला. वाऱ्यामुळे बंद म्हटलं की खिडकीवर वाद घालू नये.

उंचीचा हिशेब आपल्याकडच्या मोजमापात करा. कळसूबाई १,६४६ मीटर. गुलमर्गचं हॉटेलच तिच्याहून हजार मीटर वर आहे, आणि फेज टूचा फलाट तिच्या दुपटीहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या जरा वर असतो. पुण्याहून सकाळी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे उभं राहिलं तर डोकं दुखणं, मळमळणं साहजिकच. पहिली रात्र श्रीनगरला, मग दोन दिवस गुलमर्गमध्ये, आणि फेज टू तिसऱ्या दिवशी किंवा नंतर. वर पाऊण तास पुरे. तिथे बर्फात पळापळी करू नका. मूल अचानक गप्प झालं, चिडचिडं झालं किंवा उलटी झाली तर पुढच्या केबिनने खाली. उंचीच्या त्रासावर खाली उतरणं हाच खरा उपाय आहे. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

दोरीच्या पलीकडे

अफरवतवर स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं गस्तीपथक, गोंडोलाखालचा मुख्य खोलगट उतार तपासून खुला करते आणि त्याच्या कडेला दोऱ्या लावते. दोरीपलीकडे बर्फ अस्पर्श, चकाकता आणि फार सुंदर दिसतो. त्यावर कोणाच्या तरी स्कीच्या रेघाही असतात, म्हणून तो सुरक्षित वाटतो. हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे स्कीइंगला जे उतार सर्वांत मजेचे तेच. वाऱ्याने धारेपलीकडून आणलेला बर्फ आडोशाला घट्ट पाट्यासारखा साचतो. त्याखाली जुना साखरेसारखा सुटा थर असतो. दहाजण वरून गेले तरी पाटा टिकतो आणि अकराव्याच्या वजनाने तुटतो. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग कुरणात प्रशिक्षण घेणारे लष्कराचे सतरा जवान असेच गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश, आणि पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन स्कीवाला.

तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल देणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळी) आणि फावडं, आणि ते वापरायचा सराव असावा लागतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर आशा असते, नंतर ती झपाट्याने घटते. म्हणजे वाचवणारा शेजारीच असावा लागतो, खालून येणाऱ्या पथकाची वाट बघायला वेळ नसतो. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून निदान वीस सेंटिमीटर आणि शोधताना पन्नास सेंटिमीटर लांब ठेवतात, नाहीतर सिग्नल बिघडतो. तुमच्या कुटुंबाला यातलं काहीच लागणार नाही, पण चौदा वर्षांच्या मुलीला दोरी कशासाठी आहे ते हॉटेलातच सांगून ठेवा.

कपडे आणि खोली

आत थर्मल, मध्ये फ्लीस, बाहेर पाणी-वारा अडवणारं जाकीट. पावसाळी ट्रेकचे चांगले रेनकोट आणि पँट आतल्या थरांसह चालतात. जीन्स आणि सुती बनियन मात्र घरीच ठेवा, ओले झाले की सुकत नाहीत. हातमोज्यांचे दोन जोड, कारण पहिला अकरापर्यंत भिजतो. गॉगल पूर्ण डोळे झाकणारा हवा आणि तो कपाळावर सरकवायचा नाही, घामाची वाफ आतून गोठते. बर्फ वरून आलेलं बरंच ऊन परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा. गॉगल विसरून दिवसभर राहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दोन दिवस उघडवत नाहीत.

खोलीत कोळशाची किंवा लाकडाची शेगडी, कांगडी (निखाऱ्यांचं छोटं मडकं) किंवा गॅसचा हीटर असेल तर झोपताना बाहेर काढा किंवा विझवा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. विजेचं ब्लँकेट बरं. बुटांची आतली मऊ अस्तरं रोज रात्री बाहेर काढून खोलीत वाळवा, शेगडीला चिकटवून नको. सकाळी थंड, ताठ बूट पायात जात नाहीत आणि पहिला तास त्यातच जातो.

स्लेजवाले (बर्फावरची घसरगाडी ओढणारे) आणि फिरनवाले (काश्मिरी लांब झगा देणारे) गाडीतून उतरल्या उतरल्या भोवती जमतात. त्यांची ती कमाईची दोन-तीन महिन्यांची मुदत असते. दर स्टँडवरच्या फलकावर असतात. ते बघून, कुठून कुठपर्यंत आणि किती वेळ, हे आधी ठरवा. मुलांना एक स्लेजची फेरी जरूर द्या. स्कीच्या दिवशी मात्र नको, तासभर त्यातच जातो.

मे आणि त्यापुढे

मेमध्ये स्कीइंग नाही. खाली हिरवळ येते, बर्फ फक्त वर, अफरवतच्या अंगावर राहतो. फेज टूला जूनपर्यंत बर्फ सापडतो, पण तो जुना, काळपट, दुपारी ओला. बर्फ बघितला एवढं समाधान मिळतं, आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्या मेमध्ये असल्याने बहुतेक मराठी कुटुंबांना दिसतो तो हाच बर्फ. बर्फच हवा असेल तर फेब्रुवारीत दोन-तीन दिवस शाळा बुडवलेली बरी, निदान नववीपर्यंत.

पण गुलमर्गचा उन्हाळा हा हिवाळ्याची शिळी आवृत्ती नाही, वेगळंच काहीतरी आहे. नाव मुळात फुलांच्या कुरणाचं आहे आणि जूनअखेर ते खरं होतं. गावाभोवती साधारण अकरा किलोमीटरची गोल पायवाट जंगलातून फिरते. सपाट आहे, नऊ वर्षांचं मूल सहज चालतं, आणि स्वच्छ सकाळी तिच्या उत्तर बाजूने दूरवर ८,१२६ मीटरचा नंगा पर्वत दिसतो. नऊनंतर ढग चढतात, म्हणून सातला निघा. त्यापुढची पायरी खिलनमर्ग. घोड्याने जातात, पण पायी जास्त बरं, कारण चिखलात घोडा घसरतो तेव्हा चालणारा सुखी असतो. आणखी दम असेल तर फेज टूवरून धारेपलीकडच्या अल्पाथर तलावापर्यंत. जूनच्या मध्यापर्यंत त्यावर बर्फाचे तुकडे तरंगत असतात. हा रस्ता दगडांचा आहे आणि चार हजार मीटरच्या आसपासचा, म्हणून वाटाड्या घ्या आणि शेवटच्या केबिनची वेळ आधी विचारून ठेवा. ती चुकली की अंधारात कोंगडूरीपर्यंत उतरावं लागतं.

जुलै-ऑगस्टला आपल्यासारखा पावसाळा तिथे नसतो, पीर पंजाल तो बराच अडवतो. पण दुपारी गडगडाट होऊन सरी येतात आणि विजा सुरू झाल्या की गोंडोला थांबते. सगळं उंचावरचं दुपारी एकपर्यंत उरका. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आकाश सर्वांत स्वच्छ, गर्दी सर्वांत कमी आणि गवत सोनेरी. चालायलाच जायचं असेल तर मेपेक्षा हा काळ धरा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये लवकर आली त्या वर्षी हे मुलांनाही जमतं.